ए मावशी, हे आपले आहेत का?

मागच्या महिन्यात बहिणीकडे गेले होते. बाहेर पाऊस, लाईट येऊन जाऊन, आणि भाचीला काहीतरी "मजेशीर" बघायचं होतं. स्क्रोल करता करता 'स्पाय किड्स' दिसला, हिंदी डबिंगवाला, आणि मीच म्हटलं लाव लाव, हा मी कॉलेजात असताना बघितलाय. चिऊ मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन बसली. पहिल्या काही मिनिटांतच अँटोनियो बॅन्डेरास आला, काळेभोर केस, दाट भुवया, बायकोकडे बघायची ती जरा जास्तच मखमली नजर, आणि चिऊने चिवड्यातले शेंगदाणे वेचत विचारलं, "ए मावशी, हे आपले आहेत का?" मी म्हटलं नाही गं. "मग अमेरिकन?" हो, म्हणजे अमेरिकेतलेच, पण मूळचे मेक्सिकन वगैरे, म्हणजे सिनेमात तसे, तो नट खरा स्पेनचा आहे... एवढ्यात तिचा इंटरेस्ट संपला होता. समोर हातापायाच्या जागी नुसते अंगठे असलेले राक्षस धावत होते, माझ्या उत्तरापेक्षा ते नक्कीच भारी होते.

माझा मात्र संपला नाही. रात्री झोपताना तेच डोक्यात. या पोरीने आत्तापर्यंत कमी हेरगिरीचे सिनेमे बघितलेले नाहीत, तिच्या बापाला दुसरं काही आवडतच नाही. पण "हे आपले आहेत का" हा प्रश्न तिने आधी कधी विचारला नव्हता. सावळा किंवा काळ्या केसांचा माणूस तिने त्या सिनेमांत बघितलाच नसेल असं नाही, भरपूर बघितलाय. गोळी खाऊन गच्चीवरून पडणारा, टॅक्सी चालवणारा, बाजारातला संत्र्यांचा गाडा उलटला म्हणून हात वर करून ओरडणारा. यातलं कोणी आपलं आहे का असं कोणाला वाटेल?

त्या सिनेमाची सुरुवात आठवून बघा. आई दोन मुलांना झोपवताना गोष्ट सांगते. एक होता हेर, एक होती हेर, दोघं शत्रू देशांचे, दोघांना एकमेकांना संपवायची ऑर्डर. आणि मग काय, प्रेमात पडतात. लग्न समुद्राकाठी, वर हेलिकॉप्टरं घिरट्या घालतायत, आणि नवरा-नवरी कड्यावरून उडी मारून पळून जातात. मुलं म्हणतात छान होती गोष्ट, आणि त्यांना माहीतच नसतं की ही आईबाबांचीच गोष्ट आहे, ते बाबा जे आता सकाळी गाडीतून शाळेत सोडतात. अख्खा रोमँटिक स्पाय सिनेमा 'स्पाय किड्स' लिहिणारा माणूस पहिल्या काही मिनिटांत उरकून टाकतो आणि मग पुढे खरा प्रश्न विचारतो, की लग्न झालं, पोरं झाली, आता? मला तेव्हाही हे आवडलं होतं आणि आता चाळिशीत तर फारच आवडलं. सिनेमात प्रेमात पडणं दोन गाण्यांत होतं, कठीण काय असतं ते घरोघरी माहितीये.

हा माणूस म्हणजे रॉबर्ट रॉड्रिगेझ. सॅन अँटोनियो, टेक्सासचा, मेक्सिकन वंशाच्या कुटुंबातला, दहा भावंडांतला एक. लोक त्याला डिरेक्टर म्हणून ओळखतात, बंदुका, गिटारच्या केसमधली शस्त्रं, धूळ, रक्त. पण मला तो आधी लिहिणारा वाटतो, आणि तेही आपल्याकडच्या हौशी नाटकवाल्यांसारखा, म्हणजे सेटवर काय आहे ते आधी बघायचं आणि मग प्रवेश लिहायचा. त्याचा पहिला सिनेमा 'एल मारियाची', १९९२ चा, स्पॅनिशमध्ये. बजेट सात हजार डॉलर. पैसे कुठून आणले तर एका औषध कंपनीच्या चाचणीसाठी स्वतःचं शरीर भाड्याने देऊन. कोलेस्टेरॉलचं औषध होतं, महिनाभर आत राहायचं, रक्त द्यायचं, बाहेर पडायचं नाही. तिथे बसून त्याने स्क्रिप्ट लिहिली. शेजारच्या खाटेवर आणखी एक गोरा मुलगा असाच पैशासाठी आलेला, पीटर मार्क्वार्ट, त्यालाच याने व्हिलन करून टाकलं. त्याला स्पॅनिशचा गंध नव्हता, पाठ करून डायलॉग म्हटले! म्हणजे बघा, हॉलिवूडमध्ये वर्षानुवर्षं मेक्सिकन माणूस व्हिलन असायचा, आणि या पठ्ठ्याने पहिल्याच फटक्यात गोऱ्याला व्हिलन केलं आणि त्याला स्पॅनिश घोकायला लावलं. ठरवून केलं असं मी म्हणत नाही, हाताशी होता म्हणून घेतला असणार. पण मला हे वाचून जाम आनंद झाला होता.

शूटिंग सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या सिउदाद आकुन्यात, मित्र कार्लोस गायार्दोच्या गावी. तोच हीरो. गावात काय काय मिळेल याची यादी आधी, गोष्ट नंतर. बार आहे, रँच आहे, बस आहे, पिटबुल कुत्रा आहे, घाल. रस्त्यात कासव चालताना दिसलं, ते पण घातलं. बंदुका गावच्या पोलिसांकडून मागून आणलेल्या, खऱ्या, त्यात ब्लँक टाकलं की एकच बार उडायचा आणि अडकायची, म्हणून एडिटिंगमध्ये तेच तेच जोडून मशीनगन केली. ट्रॉली म्हणून व्हीलचेअर. हा सिनेमा खरं तर स्पॅनिश व्हिडिओ मार्केटमध्ये गुपचूप विकून टाकायचा प्लॅन होता, सराव म्हणून. तो कोलंबिया पिक्चर्स या स्टुडिओने घेतला, त्यावर कितीतरी पट पैसे ओतले, १९९३ ला सनडान्स फेस्टिव्हलला प्रेक्षकांचं अवॉर्ड, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या सरकारी यादीत. त्याचं ते टाइमपास लिखाण, कॉलेजच्या पेपरमधली कॉमिक स्ट्रिप, भावंडांना घेऊन केलेली शॉर्ट फिल्म, सगळ्यात एक गोष्ट कॉमन आहे, घरची माणसं. घरातलं भांडण, घरातला आवाज, जेवणाच्या टेबलावर सगळे एकदम बोलतायत. दहा भावंडांच्या घरात दुसरं काय असणार.

'स्पाय किड्स' पण असाच घरातून आला. १९९५ च्या 'फोर रूम्स' मध्ये त्याचा एक भाग होता, थर्टी फर्स्टची रात्र, हॉटेलची खोली, बॅन्डेरास बाप आणि दोन पोरं टक्सिडो-बिक्सिडो घालून नटलेली. ती पोरं तशी उभी बघून याच्या डोक्यात आलं की अरे हे तर छोटे जेम्स बॉन्ड. आणि बापाचं नाव ग्रेगोरियो ठेवलं ते स्वतःच्या काकावरून, काका एफबीआयमध्ये होता. म्हणजे हेरकथेतला हेर त्याला कुठून आणावा लागला नाही, तो कौटुंबिक अल्बममध्येच होता. तरी स्टुडिओने विचारलंच, कुटुंब लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळांचं, कशाला? अमेरिकन का नको? त्याचं उत्तर त्याने नंतर बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय, जेम्स बॉन्ड आवडायला तुम्ही ब्रिटिश असावं लागत नाही. मला या उत्तरातलं आवडतं ते हे की त्याने भाषण दिलं नाही. प्रतिनिधित्व, न्याय, इतिहास, काही नाही. धंद्याच्या भाषेत बोलला आणि सुटला. साधारण साडेतीन कोटी डॉलरमध्ये केलेला सिनेमा जगभर चौदा कोटींच्या वर गेला, त्यामुळे नंतर कोणी विचारलंही नसावं.

आणि सिनेमात तो विषय निघतच नाही, हे मला यावेळी लक्षात आलं. कोणी उच्चारांवरून चिडवत नाही, कोणाचा बाप सीमा ओलांडून आलेला नाही, आजी रडत रडत गावची आठवण काढत नाही. फक्त मोठी मुलगी कारमेन, तिचं ते भलंमोठं पूर्ण नाव, चार-पाच नावं एकात एक, आणि सेफ हाऊसचं दार उघडायला नेमकं तेच पूर्ण नाव सांगावं लागतं. बस्स. एवढंच. बाकी ते श्रीमंत आहेत, समुद्राकाठी घर आहे, गॅजेट बनवणारा काका आहे जो डॅनी ट्रेहो आहे, ज्याला बाकी सगळ्या सिनेमांनी तोपर्यंत चाकू हातात देऊन जेलमध्ये ठेवलेला. इथे तो भावाशी अबोला धरून बसलाय.

आता जरा खवचटपणा करते. बॅन्डेरास मालागाचा, म्हणजे स्पेनचा. त्याची बायको झालेली कार्ला गुगिनो इटालियन मुळांची. मुलगा झालेला डॅरिल साबारा लॅटिनो नाही. तर मग लॅटिनो हेर कुटुंब म्हणून ज्याचं कौतुक, त्यात लॅटिनो नेमके किती, असा हिशोब केला तर गंमतच आहे. पण चिऊसमोर हा हिशोब टिकला नसता. तिने केसांचा रंग बघितला आणि विचारलं. पडद्याचं तसंच असतं.

बरं, दोन शत्रू हेर, एकमेकांना मारायची ऑर्डर, आणि लग्न, ही गोष्ट तुम्हाला कुठली आठवते? मला खात्री आहे दहातले नऊ जण ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोलीचं नाव घेतील. त्यांचा 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ' आला २००५ ला. स्पाय किड्स २००१ चा. कल्पना कोणाच्या बापाची नसते मान्य, पण एक आईच्या तोंडची अंगाईतली गोष्ट झाली आणि दुसरी जगभरातल्या मोठ्यांची सेक्सी गोष्ट झाली. आणि त्यातही गंमत अशी की ते दोघे भेटतात बोगोटाला. कोलंबियाची राजधानी. पडद्यावर काय, तर घाम, दमट हवा, गावठी गल्ल्या, पाठीला चिकटलेले शर्ट. बोगोटा समुद्रसपाटीपासून सव्वीसशे मीटरवर आहे हो, महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट उंच, तिथली माणसं वर्षभर स्वेटर-जॅकेट घालून फिरतात! कोलंबियन लोक त्यावर भडकले होते आणि बरोबरच होतं. पण लॅटिन अमेरिका म्हटलं की उकडलंच पाहिजे, आणि उकडलं की प्रेम झालंच पाहिजे, असं एक गणित आहे.

आपण काही वेगळे नाही. रॉचा एजंट आणि आयएसआयची एजंट प्रेमात पडून जगाच्या पाठीवर कुठे पळाले, तर हवानाला. 'एक था टायगर', २०१२. जुन्या मोठ्या गाड्या, पोपडे आलेल्या रंगीत भिंती, गच्च्यांवरून उड्या. मी थिएटरमध्ये शिट्ट्या ऐकत बघितलाय आणि मलाही मजा आली होती, खोटं का बोलू. पण त्यात एखादा क्युबन माणूस तुम्हाला नावाने आठवतोय का? मला नाही. म्हणजे कॅमेरा आपल्या हातात आला की आपणही तेच केलं जे त्यांनी आपल्या बनारस आणि धारावीचं केलं.

बॉन्डचं तर विचारूच नका. २०१५ च्या 'स्पेक्टर' ची सुरुवात मेक्सिको सिटीत, दिया दे म्युएर्तोस, म्हणजे मेलेल्यांची आठवण काढायचा सण, कवट्यांचे मुखवटे, हजारोंची मिरवणूक, एक लांबच लांब शॉट. बॉन्ड एका बाईबरोबर हॉटेलात शिरतो. ही स्टेफनी सिगमान, मेक्सिकन नटी, सिउदाद ओब्रेगोनची, म्हणजे उत्तरेकडची. ती पलंगावर, हा खिडकीतून बाहेर, येतोच म्हणतो. आणि येत नाही! परत तिचं नावही निघत नाही. पुढे सिनेमा अडीच तास जगभर फिरतो आणि ती बाई माझ्या डोक्यात अजून तिथेच बसलीये, पोशाख घालून, मुखवटा बाजूला ठेवून. आणि सगळ्यात कहर काय, तशी मिरवणूक मेक्सिको सिटीत कधी निघतच नव्हती. तो सण घरात, स्मशानात, वेदीसमोर झेंडूची फुलं मांडून करायचा. सिनेमात बघून टुरिस्ट विचारायला लागतील म्हणून २०१६ पासून शहराने ती मिरवणूक खरोखर सुरू केली. आता दरवर्षी निघते, लाखो लोक येतात, आणि लोकांना आवडते म्हणे. त्यात हसावं की काय करावं मला कळत नाही. आपल्याकडे उद्या कुठल्या परदेशी सिनेमात दाखवली म्हणून नसलेली जत्रा सुरू झाली तर आपण पण नटूनथटून जाऊच की.

मेक्सिकोतल्या मेक्सिकन हेराची गोष्ट मात्र मेक्सिकन माणसाने लिहिली आहे, आणि काय लिहिली आहे. राफाएल बेर्नाल, परराष्ट्र खात्यात नोकरी, १९६९ ची कादंबरी 'एल कोम्प्लोत मोंगोल'. हीरो फिलिबेर्तो गार्सिया, साठीचा, क्रांतीच्या काळापासून माणसं मारत आलेला सरकारी गुंड, तोंडात सतत शिव्या. बातमी येते की अमेरिकेचा प्रेसिडेंट मेक्सिकोत येणार आणि चिनी लोक त्याला उडवणार, बातमीचा उगम म्हणे थेट मंगोलियात. मग याला एफबीआयचा एक आणि केजीबीचा एक असे दोन सफाईदार पार्टनर मिळतात, कागदपत्रं, ट्रेनिंग, प्रोफेशनल. आणि हा कालये दोलोरेसवरच्या चिमुकल्या चायनाटाऊनमध्ये जुन्या ओळखीच्या चिन्यांबरोबर चहा पीत, पत्ते खेळत बसलेला. तिथे मार्तिता. आयुष्यभर बायकांना कधी विचारून हात न लावलेला हा माणूस तिच्यासमोर शाळकरी पोरासारखा होतो. ती त्याच्या घरी राहायला येते आणि हा तिला हात लावत नाही, आणि मग स्वतःलाच शिव्या घालतो की काय झालं तुला, म्हातारा झालास का. बॉन्डला खिडकीतून उडी मारायला एक सेकंद लागत नाही, आणि या खुन्याचा दाराशी उभं राहून पाय निघत नाही. पुढचं सांगत नाही, वाचा. बेर्नाल १९७२ मध्ये स्वित्झर्लंडला वारला, पुस्तकाचा बोलबाला झाला तो नंतर.

यावर दोनदा सिनेमा झाला. नवा साधारण २०१९ ला आला, दामियान आल्कासार फिलिबेर्तो. आणि मार्तिता कोण? बार्बरा मोरी! आपली 'काइट्स' वाली, हृतिकबरोबर वाळवंटात पळणारी. मी नाव वाचून उडालेच. आणि मग थोडं खट्टू झालं, कारण कादंबरीतली मार्तिता चिनी वंशाची आहे. म्हणजे इथे मेक्सिकन लोकांनी लिहिलं, मेक्सिकन लोकांनी काढलं, हीरो आपला, रस्ता आपला, शिव्या आपल्या, आणि चिनी मुलीच्या जागी चिनी मुलगी काही मिळाली नाही. जो तो आपापल्या शिडीवर एक पायरी वर चढला की खालच्या पायरीवर पाय ठेवूनच. मोरी वाईट नाहीये हा त्यात, उलट तीच बघायला मी थांबले.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त कोण आवडतं सांगू? रिकार्डो मोंताल्बान. १९२० चा, मेक्सिको सिटीचा. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने त्याला लॅटिन प्रियकर करून नाचवला, गाऊन घेतलं. पण १९४९ चा 'बॉर्डर इन्सिडेंट' बघा, ब्लॅक अँड व्हाइट, त्यात तो मेक्सिकन सरकारचा गुप्त एजंट आहे, मजुराच्या वेषात सीमा ओलांडतो, आणि अमेरिकन पार्टनर मरतो, हा जगतो! त्या काळी. प्रेम मात्र त्याला दिलेलं नाही, दोन्ही एकदम कसं देणार. १९५१ ला शूटिंगमध्ये घोड्यावरून पडून पाठीला जे लागलं ते जन्मभर पुरलं. १९७० ला त्याने हॉलिवूडमधल्या लॅटिनो कलाकारांसाठी 'नोसोत्रोस' नावाची संस्था काढली आणि त्याचं म्हणणं असं की त्यामुळे त्याची कामं कमी झाली. आणि जगाला तो माहीत कशासाठी, तर 'स्टार ट्रेक' मधला खान. पूर्ण नाव खान नूनियन सिंग. उत्तर भारतातला असावा असं त्या एपिसोडमध्ये म्हटलंय! म्हणजे मेक्सिकन माणूस आपला झाला होता, छाती काढून, केस मोकळे सोडून. चिऊला हे सांगायला पाहिजे.

रॉड्रिगेझने त्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या 'स्पाय किड्स' मध्ये आजोबा केलं. तोपर्यंत मोंताल्बान व्हीलचेअरवर होता, १९९३ च्या ऑपरेशननंतर चालता येत नव्हतं, म्हणून आजोबाही व्हीलचेअरवर. तिसरा भाग, २००३ चा, सिनेमा म्हणून भंगार आहे, लाल-निळा थ्रीडी चष्मा लावून डोकं दुखायचं. पण गोष्ट व्हिडिओ गेमच्या आत घडते, आणि गेममध्ये शिरल्यावर आजोबांना पाय मिळतात. उभा राहतो तो. चिलखत-बिलखत घालून, ऐंशी पार केलेला माणूस, खाली बघतो आणि एक क्षण चेहऱ्यावर ते येतं. पाहिलाय का तो सीन? फालतू ग्राफिक्स, मागे प्लॅस्टिकसारखी दुनिया, आणि मध्ये तो चेहरा. लिहिणाऱ्याने एका म्हाताऱ्या नटासाठी एवढं करावं, मला त्याचे बाकी सगळे गुन्हे माफ. (गुन्हे आहेत. २०२३ चा नवा भाग बघितला तर कळेल.) पहिला 'स्पाय किड्स' पण २०२४ मध्ये नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला, 'एल मारियाची' च्या पाठोपाठ.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगत होते तर ती म्हणाली, मग मेक्सिकोत आपलं कोणीच नाही का? आणि मला खानखोजे आठवले. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. गदर पार्टीवाले, म्हणजे परदेशातून इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या क्रांतिकारकांतले, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध वेष बदलून लढलेले, मायदेशी परत यायची सोय नाही म्हणून १९२४ च्या सुमारास मेक्सिकोला पोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागले, मक्यावर संशोधन. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना भिंतीवर रंगवलं, भाकरी वाटून देणारा माणूस म्हणून. त्यांच्या मक्याच्या कणसांचे फोटो काढले तीना मोदोत्तीने, जी स्वतः पुढे कॉमिन्टर्नच्या, म्हणजे मॉस्कोतून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या, गुप्त कामांत गेली. लग्न केलं ते एका बेल्जियन बाईशी, मेक्सिकोतच. स्वातंत्र्यानंतर परतले, १९६७ मध्ये नागपूरला वारले. आता सांगा, यात काय नाहीये? फरारी क्रांतिकारक, परदेशी बाई, चित्रकार, हेर असलेली फोटोग्राफर, आणि खराखुरा मेक्सिको, मिरवणूक नसलेला.

बहीण म्हणाली लिही की मग, तुला कोण अडवतंय. मी लिहायला घेतलं पण आहे. पहिला सीन शेतातला, कणीस सोलताना. हीरो अजून सापडलेला नाही, पण बहिणीच्या नवऱ्याने ज्याचं नाव सुचवलं तो चालणार नाही, त्याला मका आणि ज्वारीतला फरक कळत असेल असं मला वाटत नाही.